सत्तावीस नंबरची ओळ

पहाटे साडेतीनला टेम्पो फाट्यावर येतो.
आम्ही सातजणी. लांब दांड्याचे ब्रश, कंपनीचे बूट.
नौशादबीचे दोन नंबरांनी मोठे,
ती पुढं चिंध्या कोंबून चालते.

काच गार असते तवर धुवायची.
तापल्यावर पाणी पडलं की तडकते, म्हणतात.
म्हणून दिवस उगवायच्या आत
त्याची उष्टी ताटं घासून ठेवायची.
खरकटं रोजचंच : पारव्यांची शीट, तुरीचं भुसकट,
आणि सत्तावीस नंबरच्या ओळीवर खडी क्रशरची भुकटी.
दव पडलं की तिचा चिखल होतो.
तो रगडायचा नाही. आधी भिजू द्यायचा,
मग वरून खाली,
लेकराचे चिकटलेले डोळे पुसावेत तसा.

हे कुणी शिकवलं नाही.
शिकवलं ते वाशीच्या हॉलमध्ये, चार दिवस, पंख्याखाली.
सर्टिफिकेट मिळालं. 'हरित रोजगार', हिरव्या अक्षरांत,
खाली माझं नाव : आयोद्या.
लॅमिनेशन झाल्यावर चूक दिसली.

बोअरचं पाणी जड, काचेवर पांढरे डाग धरतं.
म्हणून काचेला फिल्टरचं. रोज दोन टँकर.
आमच्या रांजणात बोअरचंच.
शालूच्या सासऱ्याला मुतखडा झाला
तेव्हा डॉक्टर म्हणाला, पाणी बदला.
शालू हसली. म्हणाली, नेते त्यांना प्लांटवर,
उभं करते ओळीत.

खोटं कशाला बोलू,
दोन दसरे झाले, मी कोयत्याला गेले नाही.
पोरीची सहावी अन् सातवी एकाच शाळेत झाली.
चारशे वीस रोज, मुकादमाचे तीस वजा,
खात्यावर येतात. माझ्याच.
पासबुक मी तिखटाच्या डब्यामागं ठेवते,
तिथं घरातलं कुणी हात घालत नाही.

हा सगळा कुसळीचा माळ होता.
सोपान ठोंबऱ्याची मेंढरं आता तारेच्या कडेकडेनं जातात.
आमच्या धुण्याच्या पाण्यावर
काचांखाली लुसलुशीत गवत आलंय.
एक कोकरू रोज तिथं थबकतं, तारेत नाक घालून.
गवत कापायला कंपनीनं वेगळी माणसं लावलीत.

डोक्यावरनं तार गुणगुणत जाते.
कुठं? धनराज सुपरवायझर म्हणाला, ग्रिडला.
नौशादबीनं विचारलं,
ते कोणत्या तालुक्यात येतंय?
त्या रात्री गावात नऊ ते अकरा लाइट नव्हती.

मंगळवारी पेट्या फुटल्या.
काचेएवढा रुंद ब्रश, बारकी चाकं, पाण्याचं नाव नाही.
एका टोकाला सोडला की सरसरत दुसऱ्या टोकाला,
त्याचं जेवण त्याच्याच पाठीवरच्या चिमुकल्या काचेतून.
साहेब म्हणाले, टँकर बंद होणार.
चांगलंच की, मी म्हणाले. मनापासून म्हणाले.
मग विचारलं, वाचलेलं पाणी कुठं जाईल?
साहेबांनी फोनकडं पाहिलं.
आमचं काय, हे कुणीच विचारलं नाही,
आम्हीपण नाही.

दुपारी एक पोरगेलासा इंजिनिअर बसला समोर,
कोइमतूरचा, हिंदीत अडखळणारा,
टॅबवर सगळा माळ बोटानं मोठा करत.
दीदी, धूल किधर ज्यादा?
वारा कुठून, पारवे कुठं बसतात, दव किती वाजेपर्यंत?
असं आजवर मला कुणी विचारलं नव्हतं.

मी सांगत गेले.
तळ्याकडच्या तीन ओळी. बाभळीखालची अकरावी.
आखाडात वारा फिरतो ते,
तुरीची रास चालू असते ते पंधरा दिवस.
तो लिहीत गेला, मान हलवत.
मधेच उठून त्यानं स्वतः चहा आणला,
कपाला कान असलेल्या बाजूनं माझ्या हातात दिला.

सगळं सांगितलं त्याला.
सत्तावीस सोडून.